निळ्या रेघेपर्यंत

रोज सकाळी साडेसहाला मामा ओट्याला टेकून उभा राहायचा आणि मामीला सांगायचा, "रेघ बुडू दे."

रेघ म्हणजे कपाच्या आतल्या बाजूला, काठाच्या थोडी खाली ओढलेली निळी रेघ. कप जाड, पांढरा, हॉटेलातला. चहा रेघेच्या वर गेला की कप भरला, खाली राहिला की भरला नाही, इतकं ते सोपं होतं. मामी पातेलं तिरकं करून रेघ बुडेपर्यंत ओतायची, हात पुसायची आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला, खिडकीशी ठेवलेल्या खुर्चीत जाऊन बसायची. तोंड खिडकीकडे. मागे वळून बघायचं नाही, ही मामाची अट. मग मामा कपबशी उचलायचा. ओट्यापासून खुर्चीपर्यंत अकरा पावलं होती.

तो पोहोचायचा तेव्हा कपात अर्धा चहा असायचा, कधी त्याहूनही कमी. बाकीचा बशीत, शर्टावर, फरशीवर. मामी बशीतला चहा कपात ओतून घ्यायची आणि प्यायची. मामा भिंतीला धरत परत जायचा आणि फडकं आणायचा. फरशी पुसायचं काम तो दुसऱ्या कुणाला करू द्यायचा नाही.

एम.ए.च्या दोन वर्षांसाठी मी त्यांच्याकडे राहायला गेले. पहिल्याच सकाळी हे बघून मी धावत पुढे झाले आणि त्याच्या हातातला कप धरला. मामा थांबला. रागावला नाही. तोवर त्याची जीभ जड झाली होती. शब्द सुटे सुटे, मधे जागा सोडून यायचे.

"बाळा," तो म्हणाला, "तुझा पेपर... लिहायला... मी येऊ का?"

मी कप सोडून दिला.

मामा स्टेशनसमोरच्या एका हॉटेलात एकतीस वर्षं वेटर होता. डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत सहा कपबश्या रांगेनं रचायच्या, भटारखान्याच्या दोन पायऱ्या उतरायच्या, खुर्च्या, पिशव्या, लोकांचे पसरलेले पाय चुकवत टेबलापाशी पोहोचायचं, आणि बशी कोरडी. बांधकाम एका पातळीत आहे की नाही हे बघायला गवंडी जे पाण्याचं साधन वापरतात त्याला पाणसळ म्हणतात. हॉटेलात मामाला त्याच नावानं हाक मारायचे. "पाणसळ, सातला तीन चहा!" टेबलं त्याला पावलांनी पाठ होती. सात नंबरला चौदा पावलं. कोपऱ्यातल्या बारा नंबरला तेवीस, आणि मधे एक खांब.

मी लहान असताना एकदा त्याला विचारलं होतं, सांडत कसं नाही?

"कपाकडे बघायचंच नाही," तो म्हणाला होता. "गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघायचं. कपाकडे बघितलं की हात घाबरतो."

घरात मात्र त्यानं कधी कुणाला चहा आणून दिला नव्हता. पहाटे पाचला तो घराबाहेर पडायचा. मामीचा चहा एकटीचा, ओट्याशी उभ्या उभ्या. "सगळ्या गावाला चहा पाजता, मीच तेवढं कुणाचं घोडं मारलंय?" असं ती म्हणायची आणि मामा म्हणायचा, "रिटायर होऊ दे. तू खिडकीत बसायचं, मी आणून देणार. ऑर्डर आत्ताच घेऊन ठेवतो. बोला मॅडम, साधा की स्पेशल?"

"काठोकाठ. हॉटेलात देता तसा. बायको म्हणून कमी नको."

हा संवाद त्यांच्यात इतक्यांदा झाला होता की माझ्या आईलाही तो तोंडपाठ होता. मामीनं तर पुढचं सगळं ठरवूनच टाकलं होतं. त्या खिडकीत सकाळी तासभर ऊन येतं. खालून शाळेची मुलं जातात, समोरचा धोबी दुकानाची फळी काढतो. मामीनं एक वेताची खुर्ची आणून तिथं ठेवली आणि जाहीर केलं की चार वर्षांनी ती तिच्यात महाराणीसारखी बसणार आहे. तोपर्यंत खुर्चीवर घडी न घातलेले कपडे बसायचे.

त्या चार वर्षांच्या सुरुवातीलाच कपबश्या वाजायला लागल्या.

आधी नुसता आवाज. बशीवर कप किणकिणायचा आणि मामा मनगट झटकायचा, हात अवघडला असेल म्हणून. मग भटारखान्याच्या पायरीवर एकदा पाय चुकला, आठवड्याभरानं पुन्हा. दिव्याचं बटण दाबायला गेलेलं बोट बटण सोडून भिंतीवर आपटायचं. चालताना दोन पायांत एवढं अंतर पडायला लागलं की मामी म्हणाली, मधे बादली मावेल. ज्या माणसानं आयुष्यात दारूचा थेंब चाखला नव्हता, त्याला बघून रस्त्यात ओळखीचे लोक बाजूला व्हायला लागले. हल्ली घेतो वाटतं, सकाळपासून घेतो.

मालक सज्जन होते. ते नुसते रोज सकाळी अगदी जवळ येऊन विचारायचे, "काय रे, नाश्ता केलास का?" चार दिवस झाल्यावर मामा म्हणाला, "मालक, अजून जवळ या. वास नीट येत नसेल तर तोंड उघडतो." मालक शरमले. गल्ल्यामागे जाऊन नुसते कागद चाळत बसले.

आता मामाला कपाकडे बघावं लागत होतं. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. त्यानं सहाचे तीन केले, तिनाचे दोन, मग एका वेळी एकच कप, दोन्ही हातांनी. आणि कमाल म्हणजे सांडायचं थांबलं. बरेच महिने बशी कोरडी राहिली. मामाला वाटलं, जमलं. नवीन पद्धत बसली. घरी येऊन तो मामीला सांगायचा, "अगं, ऑर्डर रद्द करू नकोस."

एका सकाळी सात नंबरवरचे हेडमास्तर त्याला म्हणाले, "एक विचारू? राग मानू नकोस. तुझ्या टेबलांवर चहा कमी का असतो?"

हेडमास्तर रिटायर झालेले, रोज त्याच वेळी येणारे, एक चहा आणि वर्तमानपत्र. त्यांच्या बोलण्यात खोच नव्हती. त्यांनी शेजारच्या टेबलावरचा कप नुसता बोटानं दाखवला. त्यात निळी रेघ दिसत नव्हती. त्यांच्या स्वतःच्या कपात रेघ दिसत होती आणि तिच्याखाली बोटभर कोरडा पांढरा काठ.

मामा भटारखान्यात गेला. चहाच्या भट्टीवर वस्ताद होता, मामाच्याच बरोबर लागलेला, जाडजूड, हातानं उदार माणूस. त्याच्यासमोर कप मांडलेले होते. दुसऱ्या पोऱ्यांचे भरलेले आणि एका बाजूला वेगळे ठेवलेले दोन, रेघेखाली.

"हे कुणाचे?" मामानं विचारलं.

वस्ताद गाळणी झटकत राहिला.

"वस्ताद, कधीपासून?"

"अरे, बोटभर चहानं कुणाचं काय बिघडतंय? लोकांना कळतसुद्धा नाही."

"हेडमास्तरांना कळलं."

"मग मी काय करायचं होतं? रोज तुझा हात भाजलेला बघायचा होता?" वस्तादाचा आवाज चढला. "मालक तुला काढायला निघाले होते. मी म्हटलं, थांबा, बघतो काहीतरी. हे बघितलं."

मामानं खांद्यावरचं फडकं काढलं, त्याची चौकोनी घडी केली आणि ओट्यावर ठेवली. मग म्हणाला, "सातला एक भरून दे. दुसऱ्या कुणाला घेऊन जायला सांग." महिना संपेपर्यंतसुद्धा तो थांबला नाही. मालकांनी निरोपाला भिंतीवरचं घड्याळ दिलं. वस्तादानं काही दिलं नाही. फक्त संध्याकाळी घरी येऊन वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक कपबशी मामीच्या हातात ठेवली आणि चहासुद्धा न घेता जिना उतरून गेला.

त्यानंतर मामी त्याला डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी स्वतःचं बोट पुढे धरलं आणि सांगितलं, आधी तुमच्या नाकाला हात लावा, मग माझ्या बोटाला. मामाचं बोट डॉक्टरांच्या चष्म्यावर जाऊन आदळलं. फरशीवरच्या एका रेघेवरून टाचेला चवडा लावून चालायला सांगितलं तर तो दुसऱ्याच पावलाला मामीच्या अंगावर आला. हातापायात जोर आहे, डॉक्टर म्हणाले, पण हालचालींचा मेळ घालणारा लहान मेंदू झिजत चाललाय. थांबवता येणार नाही. हळू मात्र करता येईल, व्यायामानं.

"मोठा मेंदू ठीक आहे ना?" मामानं विचारलं.

"अगदी ठणठणीत."

"वाईट झालं," मामी म्हणाली. "तो कधी वापरलेला नाही. वापरातलाच नेमका गेला."

हे ती हसत बोलली आणि बाहेर आल्यावर औषधाच्या दुकानासमोर उभी राहून रडली, असं मामानं मला सांगितलं. मामीला विचारलं तर ती म्हणाली, काही नाही, डोळ्यात कचरा गेला होता.

व्यायाम शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या होत्या, रोज चाला, पण उगाच चालू नका, काहीतरी काम घेऊन चाला. दुसऱ्या दिवशी सकाळी मामी ओट्याशी चहा ओतत होती. मामा म्हणाला, "जा, खिडकीत बस. तुझी ऑर्डर राहिलीय."

मी राहायला गेले तेव्हा या गोष्टीला तीन वर्षं झाली होती आणि कप एकदाही भरलेला पोहोचला नव्हता. मामाला दुसरं काही नको असायचं. शर्टाची बटणं मामी लावायची, त्याबद्दल तक्रार नाही. सही वेडीवाकडी यायची, बँकेत अंगठा लावून तो मोकळा व्हायचा. पण सकाळचा तो कप डोक्यातून जात नसे. दुपारी पडल्या पडल्या तो हवेत हात धरायचा, तळवा वर, कोपर अंगाशी. मी विचारायची, "मामा, काय करतोयस?"

"सात नंबर," तो म्हणायचा.

मामी त्याच्या नकळत दोन गोष्टी करायची. पहिली मला लगेच कळली. चहा झाल्यावर ती पातेल्यावर झाकण न ठेवता पाच-सात मिनिटं इकडचं तिकडचं काहीतरी काढायची. मामाला भाजू नये म्हणून चहा कोमट होऊ द्यायची. वाफाळता चहा पिणारी बाई ती, आणि रोज सकाळी गार झालेला अर्धा कप प्यायची आणि म्हणायची, "वा."

दुसरी गोष्ट कळायला सहा-सात महिने लागले. खिडकीतलं ऊन पूर्वी मामीच्या मांडीवर पडायचं. मग ते तिच्या गुडघ्यांवर पडायला लागलं, मग नुसत्या पावलांवर. एक दिवस बघितलं तर ऊन रिकाम्या फरशीवर होतं आणि खुर्ची त्याच्या अलीकडे, खोलीत. मी फरश्या मोजल्या. सात फरश्यांनी खुर्ची ओट्याकडे आली होती.

"मामी, खुर्ची सरकवतेस ना तू?"

"झाडताना सरकते."

"एकाच दिशेला?"

"मी उजव्या हातानं झाडते."

मी तिच्याकडे बघत राहिले. तिनं झाडू कोपऱ्यात उभा केला आणि आवाज खाली आणला. "त्यांना कळणार नाही. पावलं अकराच पडतात अजून. त्यांचं पाऊल आखूड होत चाललंय ना, तेवढीच मी सरकवते."

"वस्तादाचं काय झालं ते विसरलीस?"

"वस्तादानं चहा कमी केला," मामी म्हणाली. "मी चहा कमी केलेला नाही. मी फक्त जवळ आले."

खिडकीतून तिला आता धोबी दिसत नव्हता, शाळेची मुलं दिसत नव्हती. समोरच्या इमारतीची गच्ची आणि आकाशाचा तुकडा, एवढंच दिसायचं. तरी ती तोंड तिकडे करूनच बसायची. अट होती ना.

माझी शेवटची परीक्षा जवळ आली होती तेव्हाची एक सकाळ. मी कोपऱ्यातल्या टेबलावर वाचत होते. मामा ओट्यापासून निघाला. त्या दिवशी तो कपाकडे बघत नव्हता. मामीच्या केसांच्या अंबाड्याकडे बघत होता आणि पुटपुटत होता, एक, दोन. पाचव्या पावलाला कप किणकिणला. तो थांबला, श्वास सोडला. आठव्याला गुडघा बाजूला गेला आणि माझा हात तोंडावर गेला. अकराव्याला तो खुर्चीच्या शेजारी उभा होता. बशी कोरडी. चहाखालची निळी रेघ दिसत नव्हती.

"मॅडम," तो म्हणाला, "चहा."

मामीनं वळून बघितलं. कपाकडे बघितलं, बशीकडे बघितलं. तिचा चेहरा एकदम लहान मुलीसारखा झाला, आणि तरी ती म्हणाली, "किती उशीर! ऑर्डर देऊन पंचवीस वर्षं झाली. मालकांना बोलवा."

मामा हसला. खूप दिवसांनी त्याला हसताना ठसका लागला नाही. मी टाळ्या वाजवल्या. मामीनं दोन्ही हातांनी कप घेतला आणि पहिला घोट असा घेतला, की जणू तो चहा उकळता आहे.

मामा मात्र तिच्याकडे बघत नव्हता. तो तिच्या खुर्चीच्या पलीकडे बघत होता. तिथं खिडकी होती, आणि खिडकी आणि खुर्ची यांच्या मधे ऊन पडलेल्या रिकाम्या फरश्या. तो बराच वेळ त्या फरश्यांकडे बघत उभा राहिला. मला वाटलं, दमलाय. मग तो वळला आणि भिंतीला धरत ओट्याकडे गेला. सवयीनं फडकं घेऊन आला, आणि पुसायला काही नाही म्हणून ते तसंच हातात धरून बसला.

त्यानं काही विचारलं नाही. त्या दिवशी नाही, पुढेही नाही. दुसऱ्या दिवशी साडेसहाला पुन्हा ओट्याशी उभा. "रेघ बुडू दे." पण त्यानंतर कप भरलेला कधी पोहोचला नाही. मी शिक्षण संपवून घरी परतले, अधूनमधून जात राहिले. दर वेळी खुर्ची थोडी अलीकडे आलेली असायची. मग पावलं अकराची आठ झाली, आठाची पाच. मग वॉकर आला आणि हात अडकले. मग चाकाची खुर्ची आली. कप तरी थांबला नाही. मामी ओट्याशी चहा ओतायची, त्याच्या दोन्ही हातांत बशी द्यायची, आणि आपली वेताची खुर्ची ओढून त्याच्यासमोर गुडघ्याला गुडघा लावून बसायची. तो कप तिच्याकडे पुढे करायचा. तेवढ्याच अंतरात अर्धा सांडायचा. खिडकीजवळ आता काहीच नव्हतं.

मामाला गिळायला त्रास व्हायला लागला होता. घास, पाणी, कशानंही ठसका. एका दुपारी पाणी चुकीच्या वाटेला गेलं, संध्याकाळपर्यंत ताप चढला. हॉस्पिटलात सहा दिवस होता. घशात नळी होती, म्हणून बोलता आलं नाही. डोळे उघडायचा, हात उचलायचा, तळवा वर, कोपर अंगाशी. नर्सला वाटायचं, काहीतरी हवंय. ती पाण्यानं त्याचे ओठ ओले करायची.

मामी आता खिडकीशी बसते. मी गेले की दोन कप करते, वाफाळते, आणि स्वतःचा स्वतः घेऊन जाते. निळी रेघ असलेला कप वापरात नाही. तो फडताळात वरच्या फळीवर पालथा ठेवलाय. परवा मी तिला विचारलं, मामाला खुर्चीचं कधी कळलं होतं का? तेव्हा तिनं मला त्या तापाच्या दिवसाची सकाळ सांगितली.

रोजच्यासारखा चहा झाला होता. तिनं रेघेपर्यंत ओतला. मामानं बशी पुढे केली, चहा दोघांच्याही मांडीवर सांडला, मामीनं टॉवेल फिरवला. मग राहिलेला चहा ती पीत होती आणि मामा तिच्या खांद्यावरून मागे बघत होता. खोलीच्या त्या टोकाला ऊन आलं होतं. खालून शाळेच्या मुलांचा गलका ऐकू येत होता. मामी म्हणाली, "काय बघताय?"

तो थोडा वेळ शब्द जुळवत होता. मग म्हणाला, "खुर्ची... खिडकीशी घे. ऊन आलंय."